मेल सर्व्हरचा पॅच आत्ता मारू की कर्फ्यू उठल्यावर?

फोंडेकरीण (८ मे २०२१)

मंडळी, एक सल्ला हवाय, जरा लवकर. आमचं ऑफिस पणजीत पाटोला, हॉटेलांची बुकिंगं सांभाळतो, म्हणजे सध्या कॅन्सलेशन आणि रिफंडच सांभाळतो. मेल सर्व्हर आमचा स्वतःचा आहे, डेबियन १० या लिनक्सवर एक्झिम हा मेलची ने-आण करणारा प्रोग्राम. त्याच मशीनवर कंपनीची वेबसाईट आणि तिचा चौकशीचा फॉर्म पण बसवलेला आहे. ४ तारखेला क्वालिस या सिक्युरिटी कंपनीवाल्यांनी एक्झिममधली एकवीस भोकं एकदम जाहीर केली ते वाचलं असेलच, '२१ नेल्स' नाव दिलंय. अकरा लोकल (मशीनवर आधीच शिरलेल्याला वापरता येणारी), दहा रिमोट (बाहेरून). बरीचशी २००४ पासूनची सगळी व्हर्जन्स धरून आहेत म्हणे.

मी साहेबांना म्हटलं आजच अपडेट करूया. साहेबांचा एक ओळखीचा माणूस आहे, त्याने त्यांना सांगितलं की रिमोटमधलं जे सगळ्यात गाजतंय ते ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी वापरणाऱ्या एक्झिमला लागू, डेबियनचं एक्झिम जीएनयूटीएलएस या दुसऱ्या लायब्ररीवर बांधलेलं असतं, आणि बाकीच्यांना सर्व्हरवर खातं लागतं, ते आपल्याकडे कुणाचंच नाही. तेव्हा घाई कसली. उद्यापासून २३ तारखेपर्यंत कोविडचा कर्फ्यू, मी फोंड्याला घरून काम करणार, अपडेट करताना सर्व्हर आडवा झाला तर पणजीला कोण धावणार, हा त्यांचा मुद्दा. आणि तो अगदीच चुकीचा वाटत नाही. थांबू की नको?

नीरफणस

कर्फ्यू माणसांना लावलाय, पॅकेटांना पास लागत नाही.

पाटोकार_जुना

साहेबांच्या माणसाला अर्धं बरोबर माहीत आहे, आणि तेच जास्त त्रासाचं. जीएनयूटीएलएसचं म्हणणं खरं आहे, ते २८०१८ नंबरचं भोक डेबियनला लागत नाही. पण त्याच यादीत २८०२१ आहे ते वाचायला सांगा. त्याला सर्व्हरवर खातं नको, शेल नको, फक्त एका मेलबॉक्सचा पासवर्ड पुरे. लॉगिन करून मेल पाठवताना 'मेल फ्रॉम'च्या ओळीत 'ऑथ' म्हणून एक पॅरामीटर देता येतो, त्यात नवी ओळ घुसडली की ती एक्झिमच्या स्पूलमधल्या (वाटेतल्या मेलच्या साठ्यातल्या) हेडर फाईलीत जशीच्या तशी उतरते, आणि तिथून रूट म्हणून कमांड चालवता येते. तुमच्याकडे बुकिंगचा मेलबॉक्स चार हॉटेलांच्या रिसेप्शनवर उघडा असणार, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असणार. नसेल तर माफ करा, पण मी अजून तसं ऑफिस बघितलेलं नाही.

आता 'लोकल'बद्दल. सर्व्हरवर खातं नाही कसं? वेबसाईट कुठल्या तरी युजरखालीच चालते ना, डेबियनवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. तुमच्या चौकशीच्या फॉर्ममध्ये किंवा वर्डप्रेसच्या एखाद्या जुन्या प्लगिनमध्ये फट निघाली की बाहेरचा माणूस त्या युजरच्या कातडीत शिरला. एरवी तिथून तो फार काही करू शकत नाही, साईट विद्रूप करेल. पण एक्झिमचा बायनरी सेटयूआयडी रूट असतो, म्हणजे कुठल्याही युजरने चालवला तरी उठतो रूट म्हणूनच. वेब युजरला तो चालवता येतो, नाहीतर फॉर्ममधून मेल गेलीच नसती. मग लोकल भोकाने रूट, आणि रूट म्हणजे सगळ्यांच्या मेल, पासवर्डांचे हॅश, बॅकअपच्या चाव्या, सगळं. थांबू नका.

साधीभोळी_अकाउंट्स

मी यातली नाही, टॅली आणि जीएसटीवाली. पण आमच्याकडेही असंच काहीतरी आहे म्हणून वाचतेय. हे रूट, सेटयूआयडी काय प्रकरण आहे ते समजेल असं कुणी सांगेल का? आणि मेल पाठवायला एवढा अधिकार लागतोच कशाला?

डिचोलीचा_दादा

ताई, देवळात गाऱ्हाणं घालतात ना, तसं समजा. तुम्ही थेट आत जात नाही, चिठ्ठीवर नाव आणि मागणं लिहून देता, आतला माणूस ते वाचून गाऱ्हाणं घालतो. त्याला आत जायचा अधिकार आहे, तुम्हाला नाही. रूट म्हणजे मशीनवरचा सगळे अधिकार असलेला युजर, आणि एक्झिम म्हणजे तो अधिकार घेऊन बसलेला आतला माणूस. आता कुणी चिठ्ठीत नावाच्या जागी नाव लिहिलं आणि खाली नव्या ओळीवर कमिटीच्या अक्षरात लिहून ठेवलं 'दानपेटीची चावी याच्याकडे द्यावी', आणि आतल्याने न बघता तेही वाचलं, तर जे होईल ते २८०२१.

अधिकार लागतो कारण पंचवीस नंबरचं पोर्ट, १०२४ च्या खालची पोर्टं उघडायला युनिक्सवर रूट लागायचा ही जुनी रीत, शिवाय प्रत्येक युजरच्या मेलबॉक्समध्ये त्याच्या नावाने फाईल लिहायची तर त्याचं रूप घेता यायला हवं.

साधीभोळी_अकाउंट्स

समजलं! देव बरें करूं. (आमच्या कमिटीत हे घडलेलं आहे पण तो विषय वेगळा.)

पुणेरी_पोस्टफिक्स

मूळ दुखणं एक्झिमच्या रचनेत आहे. एकच मोठा बायनरी, तोच मेल घेणार, तोच क्यू (मेलची रांग) चालवणार, तोच पोचवणार, आणि तो सेटयूआयडी रूट. व्हीत्से व्हेनेमाने १९९८ मध्ये आयबीएममध्ये असताना पोस्टफिक्स हे एक्झिमसारखंच दुसरं सॉफ्टवेअर आणलं ते याच कारणासाठी, कामं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये तोडली, बहुतेकांना रूटचा वारासुद्धा लागत नाही. सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरनेही २००१ च्या ८.१२ मध्ये सेटयूआयडी रूट सोडलं. एक्झिम अजून तिथेच. पॅच काय मारता, बदलून टाका, एका दुपारचं काम.

पाटोकार_जुना

दुपार पुण्यातली की गोव्यातली? इथे दुपारी एक ते चार कुणी काम करत नाही.

थट्टा राहू दे. रचनेबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण पोस्टफिक्सलाही २००८ मध्ये लोकल रूटचं भोक निघालेलं आहेच, सिमलिंकची हार्डलिंक करून (दोन्ही म्हणजे फाईलीकडे नेणारे दुवे) मेल भलत्या फाईलीत लिहून घ्यायची, सूसे या लिनक्स कंपनीच्या माणसाने शोधलं होतं. आणि क्यूमेल हा आणखी एक मेल सर्व्हर बघा, तो लिहिणाऱ्या बर्नस्टाईनने १९९७ पासून ५०० डॉलर लावून ठेवले होते भोक दाखवा म्हणून. २००५ मध्ये एकाने दाखवलं तर म्हणाले एवढी मेमरी कोण देतो क्यूमेलच्या प्रोसेसला, हे भोक नव्हेच. २०२० मध्ये याच क्वालिसवाल्यांनी तेच भोक चालवून दाखवलं. तेव्हा अमकं लावा म्हणजे सुटलात असं नसतं. शिवाय ज्या बाईला साहेब एका पॅचची परवानगी देत नाहीत तिला तुम्ही अख्खा सर्व्हर बदलायला सांगताय.

पुणेरी_पोस्टफिक्स

एकवीस विरुद्ध एक. मी गप्प बसतो.

नीरफणस

(बसणार नाहीत.)

ढगातला_माणूस

२०२१ मध्ये स्वतःचा मेल सर्व्हर? गुगल नाहीतर मायक्रोसॉफ्टवर टाका आणि निवांत झोपा.

भाटकार

मायक्रोसॉफ्ट म्हणताय ते ठीक, पण मार्चमध्ये त्यांच्या एक्सचेंज मेल सर्व्हरमध्ये प्रॉक्सीलॉगॉन नावाचं भोक निघालं ते विसरलात वाटतं. हो, ते ऑफिसात ठेवलेल्या एक्सचेंजला होतं, त्यांच्या ढगातल्याला नव्हतं, तुम्ही हेच सांगणार, माहीत आहे. पण खर्चाचं काय? दर मेलबॉक्समागे दर महिना पैसे. हॉटेल धंद्यात हंगामी स्टाफ, ऑक्टोबरला माणसं वाढतात मेमध्ये जातात, आणि यंदा तर हंगामच बुडाला. आमच्या कळंगुटच्या हॉटेलात खोल्यांपेक्षा मेलबॉक्स जास्त आहेत, मालक ऐकेल का? तो अजून फॅक्सची लाईन बंद करू देत नाही.

ढगातला_माणूस

फॅक्सला प्रिव्हिलेज एस्केलेशन (साध्या युजरचा रूट होणं) नसतं, मालक हुशार आहे.

बांद्याचा_पाव्हणा

हद्दीपलीकडून लिहितोय, चालेल ना. घाईत पॅच मारायच्या आधी माझं ऐका, कारण माझी गेल्या दोन रात्रींची झोप यात गेली. आमच्याकडे एक्झिम सोर्सवरून (मूळ कोडमधून) बांधलेलं, ४.९२. मी सरळ ४.९४.२ बांधलं, चालू केलं, आणि एकही मेल पोचेना. बाऊन्सही नाही, सगळ्या क्यूमध्ये लटकल्या. लॉगमध्ये ओळीमागून ओळ, 'टेंटेड' म्हणून. ४.९४ पासून बाहेरून आलेला मजकूर, म्हणजे पत्त्यातला '$लोकल_पार्ट', '$डोमेन' वगैरे, एक्झिम विटाळलेला समजतं आणि तो फाईलीच्या नावात थेट वापरू देत नाही. आमच्या कॉन्फिगमध्ये मेलबॉक्सचा पाथ तसाच लिहिलेला, तसा तो निम्म्या जगाने लिहिलेला आहे. उपाय सोपा आहे, आधी यादीत किंवा फाईलीत शोधायचं आणि मग '$लोकल_पार्ट_डेटा', '$डोमेन_डेटा' वापरायचं, पण रात्री दोन वाजता ते सोपं वाटत नाही. सगळी जुनी फॉरवर्डिंगं, व्हेकेशनची उत्तरं, एकेक करून काढत बसलो. तेव्हा फोंडेकरीणताई, साहेबांची भीती अगदी हवेतली नाही.

पाटोकार_जुना

पाव्हण्यांचा अनुभव खरा, पण तो सोर्सवाल्यांचा. डेबियन स्टेबलमध्ये व्हर्जन वर नेत नाहीत, पॅच मागे आणून जुन्याच व्हर्जनला लावतात. डेबियन १० मध्ये ४.९२ च राहतं, फक्त शेपूट बदलतं. दुरुस्त झालेलं आहे ते ४.९२-८+डेब१०यू६. टेंटचा प्रश्नच नाही, तुमचं कॉन्फिग जसं आहे तसं चालेल. म्हणून नुसतं ४.९२ बघून घाबरू नका आणि नुसतं ४.९२ बघून निर्धास्तही होऊ नका, शेपूट बघा. तुमचं काय दाखवतंय? आणि अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू असेल तर कदाचित पाचव्या तारखेलाच आपोआप बसलंही असेल, तुम्ही आणि साहेब उगाच भांडताय.

फोंडेकरीण

बघितलं. शेपूट आहे यू३. अनअटेंडेड चालू आहे, बाकी सगळं ताजं आहे, फक्त एक्झिमची पॅकेजं नाहीत.

पाटोकार_जुना

डीपीकेजी या पॅकेजं सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत पुढे 'आयआय' आहे की 'एचआय'?

फोंडेकरीण

एचआय! चारही पॅकेजांना.

पाटोकार_जुना

होल्ड. तुमच्या आधी जो कुणी होता त्याने एक्झिम गोठवून ठेवलंय. यू३ म्हणजे २०१९ च्या सप्टेंबरअखेरचं. मध्ये २०२० चंही एक सिक्युरिटी अपडेट येऊन गेलं ते तुम्हाला मिळालेलं नाही. का गोठवलं याची कुठे नोंद?

फोंडेकरीण

नोंद कसली, रूटचा पासवर्डसुद्धा जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या मागच्या पानावर मिळाला होता.

डिचोलीचा_दादा

माझा अंदाज, कॉन्फिगची फाईल हाताने बदललेली असणार आणि अपडेटच्या वेळी 'तुमची ठेवू की पॅकेजची घालू' हा प्रश्न आला की माणूस गोंधळतो, नको ती कटकट म्हणून होल्ड. पुष्कळ जण करतात. तो प्रश्न आलाच तर उत्तर 'एन', तुमची ठेवा, डीफॉल्टही तेच आहे. त्याआधी ईटीसीमधला एक्झिम४ चा फोल्डर कॉपी करून ठेवा.

आणि घरून करताय तर टीमक्स किंवा स्क्रीनच्या आत करा. फोंड्याला लाईट गेली, राउटर बसला, तर एसएसएच (लांबून केलेलं लॉगिन) तुटेल पण आतलं काम चालू राहील. नाहीतर डीपीकेजी अर्ध्यावर लटकतं आणि मग खरंच पणजी गाठावी लागते. मशीन रीबूट करायची गरज नाही, हा कर्नलचा पॅच नव्हे. पॅकेज स्वतःच डेमन (मागे सतत चालू असलेली प्रोसेस) रिस्टार्ट करतं. तरी नंतर प्रोसेस कधी सुरू झाली ती वेळ बघा. डिस्कवरचा बायनरी नवा आणि पंचवीस नंबरवर बसलेला डेमन मेमरीत जुनाच, असं झालं तर पॅच मारूनही बाहेरच्यासाठी काहीच बदललेलं नसतं.

साधीभोळी_अकाउंट्स

आणि तेवढ्या वेळात आलेल्या मेल? रिफंडची एक मेल चुकली तर गिऱ्हाईक आमच्या घरापर्यंत येतं.

भाटकार

मेल हरवत नाही हो. समोरच्याचा सर्व्हर परत परत प्रयत्न करत राहतो. एक्झिमचंच डीफॉल्ट घ्या, पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, मग अंतर वाढवत सोळा तासांपर्यंत, मग दर सहा तासांनी असं चार दिवस. पोस्टफिक्स पाच दिवस. रिस्टार्टला लागतात काही सेकंद. साहेबांना हा एवढाच परिच्छेद व्हॉट्सअॅप करा, बाकी सगळं राहू द्या.

फोंडेकरीण (१० मे)

झालं. साहेबांना २८०२१ आणि भाटकारांचा परिच्छेद दोन्ही पाठवले. पहिल्यापेक्षा दुसऱ्याचा उपयोग झाला. काल रात्री होल्ड काढला, टीमक्समध्ये अपडेट केलं, कॉन्फिगचा प्रश्न आला, एन दाबलं. यू६ दाखवतंय, डेमनची वेळ नवी आहे, आत-बाहेर मेल जाऊन बघितली, क्यू रिकामी. सगळ्यांचे आभार.

बांद्याचा_पाव्हणा

बरं झालं. यायचं जमलं असतं तर ई-पास काढून मानकुराद आंबे घेऊन आलो असतो.

नीरफणस

मानकुराद घेऊन तुम्ही गोव्यात येणार? उलटी गंगा! आधी इथला डझनाचा भाव विचारा, त्यात सर्व्हर येईल.

पाटोकार_जुना

अजून संपलेलं नाही ताई. दीड वर्ष न भरलेली भोकं घेऊन मशीन उघड्यावर होतं, तेव्हा पॅचने दार लावलं पण आधीच कुणी आत बसलंय का ते बघायला हवं. व्हार-लॉगमधला एक्झिम४ चा फोल्डर नीट बघा, कारण २८००७ तिथलंच आहे. तो फोल्डर एक्झिमच्या युजरच्या मालकीचा असतो आणि त्यात लिहितं मात्र रूट म्हणून चाललेलं एक्झिम. एक्झिमच्या युजरपर्यंत पोचलेला माणूस लॉगच्या जागी लिंक ठेवतो, पासवर्ड फाईलीकडे म्हणा, आणि मग एक्झिम लॉग समजून तिथे ओळी जोडतं. तेव्हा तिथे साध्या फाईलींशिवाय काही आहे का, रूटचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), रूटच्या एसएसएचच्या परवानगीच्या चाव्या (पासवर्डशिवाय लॉगिन करू देणाऱ्या), आणि सेटयूआयडी बायनरींची यादी, एवढं बघा.

फोंडेकरीण

लॉग स्वच्छ, क्रॉन स्वच्छ. पण चाव्यांच्या फाईलीत तीन ओळी आहेत. एक माझी, एक बॅकअपच्या मशीनची. तिसरी कुणाची ते माहीत नाही. पोटात गोळा आलाय.

डिचोलीचा_दादा

हे मशीन आधी डेबियन ९ होतं का? ९ मध्ये ४.८९ होतं आणि जून २०१९ मध्ये ४.८७ ते ४.९१ चं ते मोठं भोक जाहीर झालं, पत्त्याच्या जागी 'रन' लिहून रूट म्हणून कमांड चालवायचं. आठवड्याभरात त्याचा वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्राम) फिरत होता आणि तो नेमकं हेच करायचा, रूटच्या फाईलीत स्वतःची चावी ठेवून जायचा. नंतर रशियाच्या सँडवर्म या हॅकर टोळीनेही तेच भोक वापरलं म्हणून अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने गेल्या वर्षी मे महिन्यात जाहीर सांगितलं. डेबियनने पॅच लगेच दिला होता, पण तुमच्याकडे होल्ड कधीपासून आहे कोण जाणे.

पुणेरी_पोस्टफिक्स

मी गप्प बसणार होतो, पण चावी अनोळखी निघाली तर साफसफाई करत बसू नका. रूट गेला म्हणजे मशीनवरचं काहीच, फाईलींची यादी दाखवणारं 'एलएस' सुद्धा, खरं बोलेल याची खात्री नाही. नवं मशीन, नवे पासवर्ड, मेल तेवढ्या उचलून न्यायच्या. (आणि हो, नव्यावर पोस्टफिक्स.)

नीरफणस

(सांगितलं होतं.)

भाटकार

घाबरायच्या आधी त्या ओळीचं शेवट बघा, चावीच्या मागे बहुतेक वेळा युजर आणि मशीनचं नाव असतं. ते खोटंही लिहिता येतं म्हणा. पण लॉगिनच्या लॉगमध्ये त्या चावीचा फिंगरप्रिंट (छोटी ओळखखूण) कधी, कुठल्या पत्त्यावरून आला ते मिळेल.

फोंडेकरीण (२० मे)

उत्तराला उशीर झाला, तौक्ते वादळाने १६ तारखेला आमच्याकडे झाडं पाडली, लाईट काल संध्याकाळी आली. पणजीत ऑफिसचा यूपीएस केव्हाच बसला होता, सर्व्हर आपोआप उठला आणि रखडलेल्या मेल तासाभरात यायला लागल्या, दर सहा तासांचं गणित डोळ्यांनी बघितलं.

चावीचा उलगडा झाला. शेवटी मशीनचं नाव होतं, ते आधीच्या मुलाच्या लॅपटॉपचं. आता तो दुबईला असतो. त्याला फोन केला, त्याने त्याच्याकडच्या चावीचा फिंगरप्रिंट वाचून दाखवला, जुळला. ठेवलेल्या लॉगांत ती चावी कुठेच वापरलेली नाही. काढून टाकली. होल्ड त्यानेच घातला होता, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, डेबियन १० वर आल्यावर, कारण दादा म्हणाले तेच, 'एन'च्या जागी 'वाय' दाबून एकदा सगळं कॉन्फिग उडालं होतं. जूनच्या वेळी होल्ड नव्हता, तेव्हाचा पॅच दुसऱ्या दिवशी बसल्याचं डीपीकेजीच्या जुन्या लॉगमध्ये सापडलं. बुकिंगच्या मेलबॉक्सचा पासवर्डही बदलला. रिसेप्शनवाले नाराज आहेत.

पाटोकार_जुना

नाराज राहू देत. वेबसाईट दुसऱ्या मशीनवर न्यायचं बघा आता, मेल आणि वर्डप्रेस एका छपराखाली नको.

बांद्याचा_पाव्हणा

आणि डेबियन ११ येऊ घातलंय, त्यात एक्झिम ४.९४ आहे, म्हणजे टेंट तुम्हालाही गाठणारच. आत्तापासून कॉन्फिगमध्ये '$लोकल_पार्ट' कुठे कुठे आहे ते शोधून ठेवा. माझी यादी हवी तर देतो.

फोंडेकरीण

द्या की. आत्ताच शोधून बघितलं, सतरा ठिकाणी आहे. त्याचा वेगळा धागा काढते.